वर्गात एक लेकरू आवरत नाही तेव्हा: गावातल्या शिक्षकांसाठी पायरीपायरीने

दोन शिक्षक, पहिली ते चौथी, पट पस्तीस-चाळीस. त्यात एक मूल असं, की जे पाटी फेकतं, चावतं, परिपाठ सुरू असताना फाटकाकडे पळतं, नाहीतर तासभर टेबलाखालून निघत नाही. समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना बाकीच्यांसोबतच शिकवण्याची, प्रशिक्षणं होतात. पण त्या मुलाने शेजारच्या पोरीचा हात चावलाय आणि त्याच वेळी दुसरीच्या पोरांनी गोंधळ मांडलाय, त्या मिनिटाला नेमकं काय करायचं हे तिथे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून मी त्या मिनिटापासूनच सुरुवात करते. यवतमाळकडच्या जिल्हा परिषद शाळांत मी शिकवत आले आहे. इथे लिहिलेलं सगळं टिनाच्या छताखाली, एका खोलीत दोन वर्ग बसवूनही करता येतं.

माझं मत आधीच सांगते. आपली बहुतेक शक्ती घटना घडून गेल्यावरच्या गोष्टींवर खर्च होते: रागावणं, बाहेर बसवणं, आईला बोलावणं. फरक पडतो तो घटनेच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत काय होतं ते शोधल्याने आणि तेवढंच बदलल्याने. बाकीच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

आज दुपारीच पुन्हा झालं तर

हलवायचं ते बाकीच्या मुलांना, त्याला नाही. "चला, निंबाखाली" म्हटलं की वर्ग अर्ध्या मिनिटात बाहेर जातो. पेटलेल्या मुलाला ओढत बाहेर काढायला गेलात तर दोघांनाही लागतं, आणि वर्गाला तमाशा मिळतो. हे बाहेर जाणं एखाद्या शांत दिवशी दोन-तीनदा सराव करून ठेवा, मुलांना खेळासारखं वाटतं.

शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याला बोलावण्याची खूण ठरवून ठेवा. आमच्याकडे एखादं मूल खडूची पेटी घेऊन त्या वर्गात गेलं, की ते सर हातातलं काम टाकून येतात. आरडाओरडा करावा लागत नाही, आणि "सर, थो पाहा कसा करून ऱ्हायला" असा पोरांचा कालवाही होत नाही.

आवाज खाली आणा. वाक्यं दोन-तीन शब्दांची ठेवा: "मी इथे आहे." "खाली बस." "पाणी पाहिजे?" काहून केलं, कोणी सांगितलं, आता माफी माग, असं त्या वेळी काहीच नको. त्या अवस्थेत मुलाला लांब वाक्य कळतच नाही, नुसता आवाज ऐकू येतो आणि तो आणखी भडकतो. समोरून अंगावर जाऊ नका. बाजूने, हाताच्या अंतराबाहेर, शक्य असेल तर खाली बसा. डस्टर, कंपास, पाट्या हळूच लांब सरकवा.

हात धरायचा तो फक्त रस्ता, विहीर किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तेव्हा, आणि धोका टळेपर्यंतच. चावून धरलं असेल तर हात हिसकू नका, कातडी फाटते. हात किंचित त्याच्याच तोंडाकडे ढकलला तर पकड सुटते. कातडी फाटली असेल तर साबणाने, भरपूर पाण्याने धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

पळणाऱ्या मुलासाठी वेगळी तयारी लागते. फाटकाची कडी त्याचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर लावून घ्या. शाळेजवळ उघडी विहीर, शेततळं किंवा नाला असेल तर जाळीसाठी किंवा कुंपणासाठी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. समोरच्या किराणावाल्याला, चक्कीवाल्याला, स्टँडवर बसणाऱ्या मंडळींना आधीच सांगून ठेवा: हा पोरगा एकटा दिसला तर ओरडू नका, गोष्टीत गुंतवून ठेवा आणि शाळेत फोन करा. मागे ओरडत धावलं की बऱ्याच मुलांना तो पकडापकडीचा खेळ वाटतो आणि दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम पळतात.

शांत व्हायला वीस मिनिटं लागतात, कधी तासही लागतो. त्यानंतर पाणी, आणि त्याला नक्की जमेल असं एखादं सोपं काम. शिक्षा नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मारून काही साधत नाही. मार खाल्लेलं मूल मारायलाच शिकतं, आणि ते आपल्यापेक्षा लहान पोरावर करून बघतं.

आधी शरीर तपासा

वर्तनाचा विचार करण्याआधी भूक, झोप, दुखणं, ऐकणं आणि दिसणं बघून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळीच शेतात जाते, पोरगं चहा पिऊन शाळेत येतं आणि खिचडी मिळेपर्यंत त्याच्या पोटात काही नसतं. खिचडीच्या आधीच्या तासाला जे मूल रोज बिघडतं, त्याच्यासाठी मूठभर फुटाणे-शेंगदाणे हा पहिला उपाय करून बघावा.

"आयकत नाही" म्हटलेल्या मुलाला खरोखर ऐकू कमी येत असेल. पाठीमागून, हळू आवाजात त्याचं नाव घेऊन बघा. कान वाहत असेल तर लगेच दाखवा. मध्येच काही सेकंद नजर थिजते, पापण्या फडफडतात, हातातली लेखणी गळते आणि मग मूल काहीच झालं नाही असं पुढे सुरू करतं, हे दिवास्वप्न नसून मिरगीचा एक प्रकार असू शकतो. वेळ-तारीख लिहून ठेवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. वर्गात मोठा झटका आला तर मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली दप्तर द्या, आजूबाजूचं सामान सरकवा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांच्या वर चाललं किंवा लागोपाठ दुसरा आला तर १०८ ला फोन करा. मुलाला गोळ्या सुरू असतील तर त्या संपल्या आहेत का ते आईला विचारा. पैशाच्या ओढाताणीत किंवा तालुक्याला जाणं न झाल्याने गोळ्या बंद पडतात, आणि शाळेत आपल्याला फक्त "हल्ली फार वाढलंय" एवढंच दिसतं.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, मेळघाट या पट्ट्यात हा आजार आहे आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या २१ प्रकारांत त्याचा समावेश आहे. हातपाय दुखतात म्हणून रडणारं, वरचेवर गैरहजर राहणारं, मध्येच डोकं टेकवून पडणारं, हात लावला की झिडकारणारं मूल आळशी किंवा तापट ठरवण्याआधी आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते विचारा. अशा मुलाला पाणी प्यायला आणि लघवीला कधीही अडवायचं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते येईल त्या दिवशी या मुलाचं नाव यादीत सगळ्यात वर ठेवा आणि तुमच्या नोंदी पथकातल्या डॉक्टरांच्या हातात द्या. दोन मिनिटांच्या तपासणीत मूल गप्प बसलं तर त्यांना काहीच दिसणार नाही.

एक गंभीर गोष्ट. वर्तन अचानक बदललं असेल, म्हणजे आधी ठीक असलेलं मूल एकाएकी कपडे काढतं, विशिष्ट माणूस दिसला की थिजतं, अंथरूण ओलं करू लागतं, तर अत्याचाराची शक्यता डोळ्यांआड करू नका. जे बोलू शकत नाही त्या मुलाला धोका जास्त असतो. संशय आला तर खबर देणं पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने, बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर सरकारच्या चाइल्ड हेल्पलाइनची मदत मिळते.

दोन आठवडे वही ठेवा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण ही गाळून पुढे गेलेले सगळे उपाय अंदाजाने केलेले असतात.

एक साधी वही घ्या. पानावर उभ्या रेघा मारून चार रकाने करा: वेळ, आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं. शेवटच्या रकान्यात शिक्षा लिहायची नाही, मुलाच्या बाजूने बघून लिहायचं. "चिडला", "हट्ट केला", "मुद्दाम केलं" असे शब्द वहीत नकोत. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहा. तिसरीतल्या एका मुलाच्या वहीतलं पान असं होतं:

सोमवार, ११.२०. फळ्यावरची गणितं उतरवा म्हटलं. वही फाडली. वरांड्यात बसवलं.

मंगळवार, ११.३०. गणित, पाढे लिहायला सांगितले. पाटी फेकली. वरांड्यात बसवलं.

मंगळवार, १.०५. खिचडीची रांग, मागच्या मुलाचा धक्का लागला. त्याला चावला. रांगेतून काढून आधी वाढलं.

बुधवार, २.४०. जोराचा पाऊस, टिनावर मोठा आवाज. कानांवर हात, किंचाळला, टेबलाखाली गेला. तिथेच राहू दिलं, पाऊस थांबल्यावर स्वतः बाहेर आला.

गुरुवार, ११.२५. गणित. शेजारच्या मुलीची वेणी ओढली. वरांड्यात बसवलं.

आता हे पान आडवं न वाचता उभं वाचा. सव्वाअकरा ते साडेअकरा, गणित, लिहिणं, आणि शेवटी दर वेळी वरांडा. त्याच्या हिशेबाने वरांडा ही सुटका होती. लिहिणं जमत नव्हतं, ते टाळायचा रस्ता त्याला सापडला होता, आणि तो रस्ता आपणच रोज उघडून देत होतो. रांगेतलं चावणं वेगळ्या जातीचं. तिथे धक्का सहन होत नाही, आणि चावलं की गर्दीतून सुटून आधी जेवायला मिळतं. टिनाच्या आवाजाचं तिसरंच. तिथे त्याला काही मिळवायचं नाही, कानांना आवाज सोसतच नाही. बाहेरून तिन्ही एकसारखं "वांड पोरगं" दिसतं, उपाय मात्र तीन वेगळे लागतात.

साधारणपणे कारणं चार असतात: नको असलेल्या कामातून किंवा जागेतून सुटका, हवी असलेली वस्तू, कोणाचं तरी लक्ष, आणि शरीराला सोसत नसलेलं किंवा हवंसं वाटणारं काहीतरी. वही भरली की यातलं कोणतं ते बहुतेक वेळा दिसतं. शांत गेलेले तासही लिहा. कोणत्या वेळी, कोणाशेजारी, कोणतं काम करताना ते चांगलं बसलं, हे पुढच्या पायरीला जास्त उपयोगी पडतं.

शिकवता शिकवता लिहायला वेळ मिळत नाही हे मला ठाऊक आहे. खिशात चिठ्ठी ठेवा, वेळ आणि एक शब्द खरडा, जेवणाच्या सुट्टीत वहीत उतरवा. संध्याकाळी आठवून लिहायचं ठरवलं तर फक्त मोठे प्रसंग आठवतात, आणि तेही आपल्या रागाच्या रंगाने.

एकच वर्तन निवडा

चावणं, पळणं, ओरडणं, थुंकणं, वह्या फाडणं, सगळं एकदम थांबवायला निघालात तर काहीच थांबणार नाही. ज्याने कोणाला इजा होते ते आधी घ्या. बाकीचं काही आठवडे चालवून घ्यायचं, आणि हे सहकाऱ्याला व मुख्याध्यापकांनाही सांगून ठेवायचं. नाहीतर तुम्ही चावण्यावर काम करता आणि बाजूचे सर मांडी घालून बसत नाही म्हणून त्याला झापतात.

घटनेच्या आधीचं बदला

वरच्या मुलाच्या बाबतीत गणिताचं उतरवून घेणं बंद केलं. त्याला दोनच गणितं, मोठ्या अक्षरात, वेगळ्या कागदावर, सोबत मोजायला तुरीचे दाणे. दोन झाली की उठून खडू आणायचे, परत येऊन आणखी दोन. गणित टळलं नाही, वरांड्यात जाण्याची गरज संपली. मुलाला जमतं त्याच्या किंचित पुढचं काम द्यावं. तिसरीत बसलेल्या मुलाला पहिलीचं काम द्यावं लागलं तर खुशाल द्या.

खिचडीच्या रांगेत त्याला सगळ्यात पुढे किंवा सगळ्यात शेवटी उभं करा, म्हणजे एक बाजू मोकळी राहते. त्याहून चांगलं म्हणजे ताटं वाटायचं काम द्या. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना विश्वासात घ्या. ज्या मुलाशी वर्गात कोणी बोलत नाही, ते त्यांच्याजवळ जाऊन बसलेलं मी बघितलं आहे, आणि त्यांना मुलाबद्दल आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आवाज न सोसणाऱ्या मुलासाठी कोपरा ठरवा. पाऊस येताना दिसला की, किंचाळणं सुरू व्हायच्या आधीच, त्याला तिथे जाऊ द्या. कानाला रुमाल बांधू द्या. पोळ्याच्या, गणपतीच्या, लग्नसराईच्या दिवसांत शाळेसमोरून डीजे जाणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. कोपरा म्हणजे सतरंजीचा तुकडा, एक चित्रांचं पुस्तक आणि दाबायला जाड कापडात पक्की शिवलेली ज्वारीची पिशवी, एवढं पुरे. तिथे कधीही शिक्षा म्हणून पाठवायचं नाही, एकदा पाठवलं की तो कोपरा कामातून गेला.

दिवसाचा क्रम चित्रांत लावा. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) आणि बौद्धिक दिव्यांग मुलांना पुढे काय होणार हे कळलं की निम्मी घालमेल कमी होते. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हातानेच काढा: परिपाठ, पुस्तक, अंक, ताट, खेळ, घर. एक काम झालं की त्यावर कपड्याचा चिमटा सरकवायचा, आणि तो मुलानेच सरकवायचा. काम बदलायच्या आधी "आता दोनदा लिही, मग पुस्तक बंद" अशी सूचना द्या. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू होते तेव्हा अशी मुलं हमखास बिघडतात, कारण त्यांचा सगळा दिवस उलटापालटा होतो. आठवडाभर आधी नवीन क्रमाचं चित्र दाखवायला सुरुवात करा. आणि पारा ४५ च्या आसपास असताना टिनाखाली बसलेल्या मुलाकडून फार अपेक्षा ठेवू नका, अवघड काम पहिल्या तासाला उरकून घ्या.

बसायची जागा दाराजवळ नको, खिडकीजवळ नको, तुमच्या टेबलाजवळ भिंतीला पाठ लागेल अशी द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठायचं निमित्त द्या: पाणी भरणं, फळा पुसणं, घंटा वाजवणं. घंटा वाजवण्याचं काम मिळालेलं मूल त्या दोन टोल्यांसाठी तासभर दम धरतं.

चावण्याच्या जागी दुसरं काही शिकवा

ज्या गोष्टीसाठी मूल चावत होतं, ती मागण्याचा सोपा रस्ता त्याला द्या. बोलता येत असेल तर एक शब्द: "बस्स" किंवा "थांबा". बोलता येत नसेल तर पुठ्ठ्याचं लाल कार्ड, किंवा छातीवर हात ठेवण्याची खूण. हे शिकवायचं ते शांत असताना, खेळातून. आधी तुम्ही करून दाखवा, मग त्याचा हात धरून करून घ्या. पहिले काही दिवस कार्ड दाखवलं रे दाखवलं की सुट्टी द्यायची, दर वेळी, लगेच. "आत्ताच तर गेला होतास" म्हणायचं नाही. दिवसात दहा वेळा दाखवेल, दाखवू द्या. दाखवणं पक्कं झालं की मग "हे एक गणित, मग सुट्टी" असं हळूहळू लांबवा.

इथे एका धोक्याची कल्पना असू द्या. जुन्या रस्त्याने सुटका मिळेनाशी झाली, की काही दिवस मूल जास्त जोर लावतं. आधी पाटी फेकत होतं, आता पाटी आणि दप्तर दोन्ही फेकेल. बहुतेक शिक्षक इथेच "याचा काही उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. त्या दिवसांत तुम्ही माघार घेतलीत तर जास्त जोर लावला की मिळतं, एवढंच ते शिकेल. म्हणून हे काम शाळा तपासणीच्या किंवा निवडणूक ड्युटीच्या आठवड्यात सुरू करू नका. सलग शाळा असलेले दिवस निवडा.

कौतुक करायचं ते नेमकं आणि तिथल्या तिथे. "शहाणा गं बाई माझा" यातून त्याला काही कळत नाही. "रांगेत उभा राहिलास, हात खाली ठेवलेस" यातून कळतं. एकदा मिळालेला तारा, शिक्का किंवा खेळाचा वेळ नंतरच्या चुकीसाठी काढून घेऊ नये.

बाकीची मुलं आणि त्यांच्या आया

वर्गाला खरं सांगा, त्यांच्या भाषेत. त्याला मोठा आवाज सोसत नाही, त्याला बोलायला वेळ लागतो, तो चिडला तर आपण लांब सरकायचं आणि हसायचं नाही. आजाराचं नाव सांगायची गरज नाही. सोबतीला मुलं ठेवा, पण आळीपाळीने. वर्गातल्या एका समजूतदार मुलीच्या गळ्यात त्याला कायमचं बांधून टाकायची पद्धत फार ठिकाणी दिसते. त्या मुलीचंही शिक्षण आहे, आणि बऱ्याचदा पहिला मार तीच खाते.

ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा. त्याची जखम धुवा, त्याच्या घरी शाळा सुटायच्या आत निरोप द्या. आईला संध्याकाळी पोराच्या दंडावर दातांचे व्रण दिसले आणि शाळेकडून काहीच कळलेलं नसेल, तर दुसऱ्या दिवशी ती फाटकात उभी असते: "मॅडम, त्या पोराले शाळेतून काढा, नाहीतर मी माह्यी पोरगी पाठवत नाही." तिचं चुकलेलं नाही. तिला बसवा, पाणी द्या, वही दाखवा, रांग कशी बदलली ते सांगा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा या म्हणा. शाळेतून काढता येत नाही हेही स्पष्ट सांगा. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने मनाई केली आहे.

त्याच्या घरी जा

शाळेत बोलावलेल्या आईवडिलांना आरोपीसारखं वाटतं. शेतातून परतल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास घरी जा. पहिलं वाक्य तक्रारीचं नको. "भाऊ, आज यानं सगळ्या वर्गाची ताटं वाटली" असं काहीतरी खरं आणि चांगलं सांगा. मग ऐका. बाप म्हणेल, "घरीबी असंच करते मॅडम, बुढी म्हणते बाहेरचं लागलं त्याले." आईला आजवर सगळ्यांनी तिचीच चूक सांगितलेली असते: गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही, पोराला डोक्यावर बसवलं. तिला स्पष्ट सांगा की यात तिचा दोष नाही. देवरुशाकडे नेऊ नका असं सांगून भांडण ओढवून घेण्यापेक्षा "दवाखान्यातही दाखवू, मी सोबत येते" म्हटलेलं जास्त चालतं. मात्र चटके देणं, बांधून ठेवणं असं काही दिसलं तर गप्प बसायचं नाही.

विचारायच्या गोष्टी: झोपतो कधी, खातो काय, कशाला घाबरतो, काय केलं की शांत होतो, काय हवं ते कसं मागतो, झटके येतात का, चालायला-बोलायला केव्हा लागला. स्वमग्न आहे, मतिमंद आहे असं निदान तुम्ही करू नका, ते काम डॉक्टरांचं आणि मानसशास्त्रज्ञांचं. तुम्ही जे बघितलं ते सांगा.

कागदपत्रं, ज्यांच्यावाचून मदत येत नाही

मुलांमधलं दिव्यांगत्व लवकर ओळखण्यासाठी एनसीईआरटीचं प्रशस्त हे ॲप आहे. त्यातली पहिली यादी वर्गशिक्षकानेच भरायची असते. त्यावरून फक्त प्राथमिक संशय नोंदवला जातो, ते प्रमाणपत्र नसतं. भरल्यावर केंद्रप्रमुखांना लेखी कळवा आणि गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना शाळेत बोलवा. एका तालुक्याच्या सगळ्या शाळा मोजक्या माणसांच्या अंगावर असतात. ते येतील त्या दिवशी नुसतं "बघा हो जरा" म्हणू नका, वही पुढे ठेवा आणि तीन प्रश्न लिहून ठेवा. मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक योजना त्यांच्यासोबत बसूनच लिहा. त्यात तीन-चारच उद्दिष्टं ठेवा, आणि ती मोजता येतील अशी.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि युडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात होते. पालकांसाठी हा मजुरी बुडवून केलेला दिवस असतो. त्यामुळे तपासणीचा वार, लागणारे फोटो, आधार कार्ड हे सगळं आधी फोन करून विचारा आणि मुलासोबत खाऊ, पाणी, त्याची आवडती वस्तू पाठवा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये आहे. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्यामागे वर्षाला ३५०० रुपयांपर्यंतची तरतूद आहे, आणि दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये याप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन माहितीत, मुलाची नोंद चुकली तर यातलं काहीच पोचत नाही, म्हणून माहिती भरताना तो रकाना स्वतः तपासा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, विमा एक लाख रुपयांपर्यंत. नागपूरला दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्रही आहे.

गृहाधारित शिक्षण हे शाळेत येऊच न शकणाऱ्या, अतितीव्र दिव्यांग मुलांसाठी आहे. वर्गात त्रास देतो म्हणून मुलाला घरी बसवायचा तो मार्ग नाही.

उपयोग होतोय का, हे कसं कळेल

वही पुन्हा उघडा. सुरुवातीच्या आठवड्यात चावणं किती वेळा होतं आणि आता किती, एवढं मोजा. पूर्ण थांबायची वाट बघू नका. निम्म्यावर आलं, किंवा तेवढ्याच वेळा होऊन लवकर शांत होऊ लागलं, तरी दिशा बरोबर आहे. महिना-दीड महिना प्रामाणिकपणे करूनही आकडा हलत नसेल तर कारण ओळखण्यात चूक झाली आहे, पुन्हा रकाने वाचा. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटणं, डोळ्यात बोटं घालणं, रात्रंदिवस न झोपणं असेल तर थांबू नका, जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात पाठवा.

तुमच्याबद्दल एवढंच सांगते, की दिवसातला एक तास हे मूल सहकाऱ्याच्या वर्गात आणि त्यांचं एखादं अवघड मूल तुमच्या वर्गात, अशी अदलाबदल ठरवून घ्या. दिवसभर कान टवकारून बसलेला माणूस दुपारनंतर ओरडतोच. झोप उडाली असेल, शाळेत जायची धास्ती वाटत असेल तर १४४१६ वर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. हा नंबर मुलाच्या आईलाही द्या.

बदलीच्या आधी एक पान

जिल्हा परिषदेत बदली ठरलेलीच, आणि चौथीनंतर मूल दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार. जूनच्या शेवटी आपल्याकडे शाळा उघडते तेव्हा नवीन शिक्षकाला या मुलाबद्दल फक्त "सांभाळून राहा" एवढंच कळतं. म्हणून एप्रिलमध्येच एका पानावर लिहून ठेवा: कशाने बिघडतो, बिघडण्याआधी कोणती खूण दिसते (हात चोळतो, गुणगुणतो, कान लाल होतात), त्या वेळी काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, सुट्टी कशी मागतो, गणितात आणि वाचनात नेमका कुठे पोचला आहे, कोणत्या गोळ्या किती वाजता, आईचा फोन. निकालपत्रासोबत एक प्रत पालकांना द्या, एक नव्या वर्गशिक्षकाच्या हातात, आणि लाल कार्ड त्याच पानाला टाचून द्या.